आमदारकीची पाच वर्षे कोण ठरवते आणि ती बदलायची असतील तर काय करावे लागते

सरपंचाची मुदत पाच वर्षांची असते आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष अडीच वर्षांनी बदलतो, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात कोणालाही माहीत असते. पण आमदाराची पाच वर्षे नेमकी कोणत्या दिवसापासून मोजायची, असे विचारले तर बहुतेक जण निकालाचा दिवस सांगतात, आणि ते बरोबर नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार विधानसभेची पाच वर्षे तिच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिवसापासून सुरू होतात. २०१९ च्या निवडणुकीचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला होता, परंतु सरकार बनवण्याचा घोळ महिनाभर चालल्यामुळे सभागृहाची पहिली बैठक २७ नोव्हेंबरला झाली, आणि म्हणून त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी झाली, त्यामुळे तिची मुदत डिसेंबर २०२९ च्या पहिल्या आठवड्यात संपेल.

त्याच अनुच्छेदात पाच वर्षांपुढे ‘त्याहून अधिक नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पाच वर्षे पूर्ण होताच विधानसभा आपोआप विसर्जित होते. त्यासाठी राज्यपालांच्या आदेशाची गरज नसते. राज्यपालांचा आदेश लागतो तो मुदतीआधी सभागृह विसर्जित करायचे असेल तेव्हा, आणि तो साधारणतः मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने निघतो. याचा अर्थ असा की पाच वर्षे ही विधानसभेच्या आयुष्याची कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. अपवाद एकच आहे: देशात आणीबाणी लागू असताना संसद कायदा करून ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाने वाढवू शकते, आणि आणीबाणी उठल्यावर ती वाढ सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. मुदत आमदाराची नसते, सभागृहाची असते. एखाद्या आमदाराचे निधन झाले किंवा त्याने राजीनामा दिला, तर पोटनिवडणुकीत निवडून येणाऱ्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. सभागृहाचा जेवढा काळ उरला असेल तेवढाच मिळतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते, परंतु उरलेला काळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन राहत नाही. अकोला पश्चिम मतदारसंघात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील आमदारांच्या निधनामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये जागा रिकामी झाली, निवडणूक आयोगाने लोकसभेसोबत २६ एप्रिल २०२४ ला पोटनिवडणूक जाहीर केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चमध्येच ती रद्द ठरवली. जून महिन्यात निवडून येणाऱ्या आमदाराला नोव्हेंबरपर्यंतचे मोजके महिने मिळणार होते. अकोल्याच्या मतदारांना त्यानंतर विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत आमदाराविना राहावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

विधान परिषदेचा हिशेब वेगळा आहे. ते सभागृह कधीच विसर्जित होत नाही. सदस्य सहा वर्षांसाठी येतात आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश निवृत्त होतात. नागपूर आणि अमरावती विभागांतील पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका विधानसभेशी जुळत नाहीत, त्याचे कारण हेच.

पाच वर्षांचा हा आकडा राज्यघटनेने नव्याने शोधलेला नव्हता. १९१९ च्या कायद्याखाली प्रांतांच्या कायदेमंडळांची मुदत तीन वर्षे होती आणि १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांना पाच वर्षे दिली. त्या कायद्याखाली १९३७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा आजचा विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. नंतर महायुद्ध सुरू झाले, १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि पुढची निवडणूक थेट १९४६ मध्ये झाली. पाच वर्षे कागदावर असूनही येथल्या मतदारांनी नऊ वर्षे प्रांतिक विधानसभेसाठी मतदान केले नाही. वरच्या सत्तेला हवे असेल तेव्हा मुदत ताणता येते, हा अनुभव आपल्या भागाने स्वातंत्र्याआधीच घेतलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर तोच अनुभव पुन्हा आला, आणि या वेळी निवडून आलेल्या लोकांनीच तो दिला. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात संसदेने ४२वी घटनादुरुस्ती केली आणि लोकसभा व विधानसभा या दोन्हींची मुदत पाचवरून सहा वर्षे केली. ही वाढ पुढे निवडून येणाऱ्या सभागृहांपुरती ठेवली नव्हती. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या सभागृहांनाही ती लागू होईल, असे दुरुस्तीतच स्पष्ट लिहिले होते. १९७२ मध्ये महाराष्ट्राच्या मतदारांनी ज्या आमदारांना पाच वर्षांसाठी मत दिले होते, ते आमदार १९७८ पर्यंत सभागृहात राहिले. सहाव्या वर्षासाठी त्यांना कोणीही मत दिलेले नव्हते. १९७२ आणि १९७३ हा महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचा काळ होता, रोजगार हमीची कामे त्याच काळातून उभी राहिली, आणि त्या सगळ्याचा हिशेब मतपेटीतून मागण्याची संधी लोकांना वर्षभर उशिरा मिळाली.

त्यानंतरचे सभागृह मात्र अगदी अल्पजीवी ठरले. फेब्रुवारी १९७८ मध्ये निवडून आलेली विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, कारण केंद्रात सत्ताबदल झाल्यावर नव्या सरकारने महाराष्ट्रासह नऊ राज्यांत राष्ट्रपती राजवट लावली. लागोपाठच्या दोन विधानसभांपैकी एक सहा वर्षे जगली आणि दुसरी दोन वर्षे, आणि दोन्ही वेळा निर्णय दिल्लीत झाला. दरम्यान १९७८ मध्ये ४४व्या घटनादुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र स्वतंत्र राज्यघटनेमुळे सहा वर्षांची मुदत पुढेही चालू राहिली आणि ती २०१९ नंतरच संपली. राष्ट्रपती राजवटीचा असा सरधोपट वापर १९९४ च्या बोम्मई निकालाने बराच आवरला. राज्यातील सरकारला बहुमत आहे की नाही याची परीक्षा सभागृहातच झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

आता ही मुदत बदलायची असेल तर मार्ग कोणता, ते पाहू. राज्य विधानसभेला स्वतःची मुदत ठरवण्याचा अधिकार नाही. मुंबई किंवा नागपूर येथील अधिवेशनात कितीही मोठ्या बहुमताने ठराव केला, तरी अनुच्छेद १७२ मधला एक शब्दही हलत नाही. त्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती विधेयक मांडावे लागते आणि ते प्रत्येक सभागृहात विशेष बहुमताने मंजूर व्हावे लागते, म्हणजे एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मते मिळावी लागतात. काही विषय असे आहेत की त्यांतील बदलाला किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही संमती लागते. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारांची वाटणी असे विषय त्यात आहेत. विधानसभेची मुदत त्या यादीत नाही. राज्याच्या सभागृहाचे आयुष्य बदलायचे आणि राज्याला विचारण्याचे बंधन मात्र नाही, ही मला आपल्या व्यवस्थेतील गंभीर उणीव वाटते, आणि तिच्याविषयी जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

हा प्रश्न आज पुन्हा पुढे आला आहे तो एकत्र निवडणुकांच्या प्रस्तावामुळे. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभा आणि बहुतेक विधानसभांच्या निवडणुका एकाच वेळी होत असत. पुढे काही सभागृहे मुदतीआधी विसर्जित झाली आणि वेळापत्रके वेगळी झाली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये दोन्ही निवडणुका पुन्हा एकदा एकत्र झाल्या, पण त्यासाठी १९९५ ची विधानसभा मुदत संपण्याच्या काही महिने आधीच विसर्जित करावी लागली होती. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला आणि १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत १२९वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले. ते मांडण्याच्या बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मते पडली. विधेयक मांडण्यासाठी साधे बहुमत पुरते, पण मंजुरीच्या वेळी तेवढेच सदस्य मतदानाला असतील तर ३१२ मते लागतील. विधेयक त्यानंतर संयुक्त संसदीय समितीकडे पाठवण्यात आले.

या विधेयकाला सगळेजण एकत्र निवडणुकांचे विधेयक म्हणतात, परंतु त्याचा गाभा मुदतीचा आहे. त्यात अनुच्छेद ८२-अ हा नवा अनुच्छेद सुचवला आहे. त्यानुसार एखाद्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेची पहिली बैठक ज्या दिवशी होईल, त्या दिवशी राष्ट्रपती अधिसूचना काढतील आणि तो दिवस ‘नियत दिवस’ ठरेल. त्या दिवसानंतर निवडून येणारी प्रत्येक विधानसभा त्या लोकसभेची पाच वर्षे संपतील तेव्हाच संपेल, मग तिची स्वतःची पाच वर्षे भरलेली असोत वा नसोत. २०२९ च्या लोकसभेची पहिली बैठक नियत दिवस ठरली, असे धरून हिशेब करू. महाराष्ट्राची विधानसभा २०२९ च्या शेवटी निवडली जाईल आणि २०३४ च्या मध्यावर संपेल. म्हणजे तिला सुमारे साडेचार वर्षे मिळतील. उत्तर प्रदेशात २०२७ मध्ये निवडलेली विधानसभा नियत दिवसाच्या आधीची असल्याने ती २०३२ पर्यंत पूर्ण चालेल, पण २०३२ मध्ये निवडल्या जाणाऱ्या विधानसभेला जेमतेम दोन वर्षे मिळतील. आपल्या राज्याचे नुकसान थोडे आहे म्हणून विषय सोडून देण्यासारखा नाही, कारण पुढची तरतूद सगळ्यांना सारखीच लागू होणार आहे.

ती तरतूद अशी: यानंतर एखादी विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर होणारी निवडणूक फक्त उरलेल्या काळासाठी असेल. लोकसभेबाबतही तसेच. ही कल्पना खेड्यातल्या माणसाला नवी नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-ई मध्ये पंचायतीसाठी हीच तरतूद आहे: ग्रामपंचायत मध्येच विसर्जित झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची आणि नव्या पंचायतीने उरलेली मुदतच पूर्ण करायची, उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर वेगळी निवडणूक घेण्याची गरज नाही. गावात ही रीत चालते, मग राज्यात का चालू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

ग्रामपंचायत कायदे करत नाही आणि तिच्या बहुमतावर कोणाचे मंत्रिमंडळ टिकून नसते. पंचायतीची कामे, मग तो पांदण रस्ता असो की नळयोजना, वरून आलेल्या योजनांच्या चौकटीत चालतात आणि ग्रामसेवकासारखा कर्मचारी ती सलग पाहतो. विधानसभेचे तसे नाही. राज्याचे अर्थसंकल्प, पीक कर्जाची धोरणे, सिंचनाच्या प्रकल्पांचा प्राधान्यक्रम हे सगळे तेथे ठरते. समजा चौथ्या वर्षाच्या मध्यावर सरकार कोसळले आणि निवडणूक होऊन नवे सरकार आले, तर त्याच्या हाती जेमतेम एक अर्थसंकल्प राहील आणि त्यानंतर पुन्हा आचारसंहिता लागेल. अशा सरकारला कर्जमाफीसारखी लगेच दिसणारी घोषणा करणे सोपे जाईल, पण वर्धा किंवा पैनगंगेच्या खोऱ्यातील कालव्याचे काम हाती घेणे अवघड जाईल. खर्च वाचवण्यासाठी आणलेल्या व्यवस्थेत निवडणुकांची संख्या कमी होईलच असेही नाही. ज्या राज्यात सरकारे अस्थिर आहेत तेथे ती वाढूही शकते.

यावर एक उपाय जर्मनीच्या राज्यघटनेत आहे. तेथे सरकार पाडायचे असेल तर त्याच ठरावात पुढचा प्रमुख कोण हे सांगून त्याच्यासाठी बहुमत दाखवावे लागते. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल याच मार्गाने आले. आपल्या विधी आयोगानेही १९९९ च्या १७०व्या अहवालात या दिशेने विचार मांडला होता. मुदतीला हात न लावता मध्यावधी निवडणुका कमी करण्याचा हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो, पण १२९व्या विधेयकात तो नाही.

मुदत मुळात किती असावी, हा याहून जुना प्रश्न आहे. मुदत वाढवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की पाच वर्षांत मोठे काम पुरे होत नाही. पहिले वर्ष समजून घेण्यात आणि शेवटचे प्रचारात जाते. या मुद्द्याची परीक्षा घ्यायला आपल्याकडे गोसीखुर्द प्रकल्प आहे. एप्रिल १९८८ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. आज तो आकडा कितीतरी हजार कोटींवर गेला आहे आणि साडेतीन दशकांनंतरही भंडारा, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतील कालव्यांची सगळी कामे झालेली नाहीत. त्या काळात १९८५ मध्ये निवडलेल्या विधानसभेपासून आजच्या विधानसभेपर्यंत नऊ सभागृहे झाली. प्रत्येकाला सहा किंवा सात वर्षे मिळाली असती तर कालवे वेळेत झाले असते, असे मानायला आधार दिसत नाही. भूसंपादन, पुनर्वसन, निधीचा ओघ आणि कंत्राटांतील गैरव्यवहार ही विलंबाची कारणे होती, आणि त्यांतले एकही आमदारकीच्या मुदतीशी बांधलेले नव्हते.

उलट टोकाला न्यूझीलंड आहे. तेथे संसदेची मुदत फक्त तीन वर्षे आहे. ती चार करावी का, असे मतदारांना १९६७ आणि १९९० मध्ये सार्वमत घेऊन विचारले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कनिष्ठ सभागृहाचे सदस्य दोन वर्षांसाठीच निवडले जातात, आणि राज्याच्या घटनेत लिहिलेली ही मुदत बदलायची असेल तर डेलावेअरचा अपवाद सोडून प्रत्येक राज्यात ती दुरुस्ती लोकांच्या मतदानाला ठेवावी लागते. दोन वर्षे मला फार थोडी वाटतात. निवडून आलेला माणूस सतत पुढच्या निवडणुकीच्या पैशामागे धावतो. पण बदलाचा शेवटचा शब्द मतदाराकडे असावा, ही रीत मात्र घेण्यासारखी आहे.

भारतात सार्वमताची सोय नाही, म्हणून निदान तीन गोष्टींचा आग्रह धरता येतो. मुदतीतील कोणताही बदल, वाढ असो वा घट, तो मंजूर करणाऱ्या किंवा त्या वेळी अस्तित्वात असलेल्या सभागृहाला लागू होऊ नये. १९७६ ची चूक नेमकी हीच होती आणि १२९व्या विधेयकाने ती टाळली आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आपण किती काळासाठी मत देत आहोत हे मतदाराला मतदानाच्या दिवशी ठाऊक असले पाहिजे. आणि विधानसभेची मुदत राज्यांच्या संमतीशिवाय बदलू नये. कोविंद समितीने मात्र लोकसभा व विधानसभा एकत्र करण्यासाठी राज्यांच्या संमतीची गरज नाही, असाच निष्कर्ष काढला आहे. ती गरज समितीच्या मते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका जोडण्यासाठी आणि एकच मतदारयादी करण्यासाठी आहे.

शिवाय मुदत कागदावर लिहिली म्हणजे पाळली जाते, असेही नाही. पंचायतीची पाच वर्षे राज्यघटनेतच आहेत आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असेही तेथे लिहिले आहे. तरीही मार्च २०२२ मध्ये अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर आरक्षणाच्या वादात वर्षानुवर्षे निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ज्यांच्या गावची शाळा, दवाखाना आणि रस्ता जिल्हा परिषदेकडे आहे, त्यांना या काळात गाऱ्हाणे घेऊन जायला सदस्यच नव्हता.

एकत्र निवडणुकांचा विचार करताना दिल्लीत सहसा न दिसणारी एक गोष्ट म्हणजे हंगाम. २००४ पासून महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये होत आली आहे. ते दिवस सोयाबीनची सोंगणी, मळणी आणि कापसाच्या वेचणीचे असतात. माणूस शेतात असतो आणि नेमके भाव पडलेले असतात तेव्हा आचारसंहितेमुळे नवा निर्णय थांबतो. लोकसभेशी जोडणी झाली तर विधानसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये जाईल. तेव्हा शेतात गर्दी कमी असते, पण चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि गडचिरोलीच्या काही भागांत सुरक्षेच्या कारणाने मतदान दुपारी तीन वाजता संपवले जाते, त्यामुळे सावलीची वेळ तेथे मिळतच नाही. कोविंद समितीची आणखी एक शिफारस आहे की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका त्यानंतर १०० दिवसांच्या आत घ्याव्यात. ती या विधेयकात आलेली नाही, पण पुढे आली तर ग्रामपंचायतीचे मतदान जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पेरणीत आणि डवरणीत येईल. त्या दिवसांत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि मेळघाटातील कित्येक पाड्यांपर्यंत वाहन पोचत नाही. मतदान यंत्रे घेऊन जाणारे शिक्षक आणि अंगणवाडी सेविका तेथे कशा पोचणार, हे विधेयकावर सूचना मागवणाऱ्यांना याच भागातील लोकांनी लेखी कळवले पाहिजे.